डायपर, पॅड आणि तिथले केस : ठेवायचे, कापायचे की काढायचे?

टिंबटिंब

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ज्याने काढली त्याचं दुखणं बहुधा माझ्यासारखंच असणार. मला जावई नाही, म्हणून इथे धागा काढतोय. आयडीसुद्धा खास यासाठीच घेतलाय.

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. कॅथेटर निघाला, पण लघवीवरचा ताबा अजून पूर्ण आलेला नाही. शिंकलो, खुर्चीतून उठलो की थोडी होतेच. दिवसा पुरुषांसाठीचा पॅड लावतो, रात्री पुल-अप, म्हणजे चड्डीसारखा ओढून घालायचा डायपर. वेळ लागेल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, केगेलचे (लघवी रोखून धरणारे स्नायू आवळायचे) व्यायाम सुरू आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. पॅड कोरडा वाटतो, पण केस ओलेच राहतात. मग वास येतो. पुल-अप खाली ओढताना केस इलॅस्टिकमध्ये अडकून टचकन ओढले जातात. जांघेत काचतं ते निराळंच. दवाखान्यात सगळे विचारतात, दिवसाला किती पॅड लागतात? केसांचं काय करायचं हे कोणी सांगत नाही, आणि समोर बसून विचारायला माझी जीभ रेटत नाही. बायको म्हणते, सरळ वस्तरा फिरवा आणि मोकळे व्हा. फिरवू का?

आळशी_मांजर

वस्तरा नको. ट्रिमर घ्या. बाकीचं जाणकार सांगतीलच.

सिस्टरबाई

धागा काढलात हे फार बरं केलंत. मी वॉर्डात आयुष्य काढलंय, हा प्रश्न रुग्ण जाता जाता, दाराची कडी हातात धरून विचारतात.

वस्तरा का नको ते सांगते. पूर्वी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णाची ती जागा वस्तऱ्याने साफ करायची पद्धत होती. पुढे लक्षात आलं की वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे बारीक छेद पडतात आणि त्यांतून जंतू आत शिरतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने १९९९ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा मथितार्थ हाच : शक्यतो केस काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपरने कापा, वस्तरा नको. ही गोष्ट ऑपरेशन थिएटरची, जिथे सगळं निर्जंतुक असतं. तुम्ही तर वस्तरा फिरवून वर लगेच ओला, बंद, उबदार पॅड लावणार. छेदांवर लघवी लागली की जी आग होईल ती होईलच, शिवाय केसतोड उठायला याहून सोयीची जागा नाही.

दुसरं म्हणजे खुंट. दोन-तीन दिवसांनी केस परत फुटतात, त्यांची टोकं तिरकी कापलेली आणि टोकदार असतात. उघड्या हवेत ते निभतं. पॅडने दाबून धरलेल्या जागी तेच खुंट समोरच्या कातडीत टोचत राहतात. कुरळे केस असतील तर वाढता वाढता परत कातडीतच घुसतात आणि त्याची गाठ होते.

तेव्हा कापा, पण मुळापासून नको. ट्रिमरला साधारण ६ मिलिमीटरचा कंगवा लावा. ओठांवरच्या बारीक मिशीएवढे केस राहिले की झालं. एवढ्या केसांत ओल साठत नाही आणि ते टोचतही नाहीत. केस कोरडे असताना, आंघोळीच्या आधी कापा, म्हणजे कापलेले तुकडे आंघोळीत धुऊन जातात. तुकडे राहिले आणि त्यावर पॅड चढवला तर दिवसभर खाजवत बसाल. अंडकोषाची कातडी सुरकुतलेली असते, ती एका हाताने ताणून धरा आणि कंगवा काढलेलं उघडं पातं तिथे अजिबात नेऊ नका. टोकदार कात्री तर नकोच, आणि आरसा धरून कसरत करत तर मुळीच नको.

रातराणी

+१ सिस्टरबाईंना.

बायकांच्या बाजूने लिहिते. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकला आला की थेंब गळायचे, तेव्हापासून शोषून घेणारी धुवायची अंडरवेअर वापरते. पाळीतही तीच. अनेकजणी ‘स्वच्छता’ म्हणून वॅक्सिंग करतात. वॅक्सिंगनंतर केसांची छिद्रं उघडी असतात, कातडी हुळहुळी झालेली असते. त्याच दिवशी त्यावर जाड, घट्ट, पाण्याला आतून अडवणारा थर चढवला की लाल पुटकुळ्या ठरलेल्या. करायचंच असेल तर पाळीच्या तोंडावर नको, आणि नंतर एक-दोन दिवस सैल सुती घाला. बाळंतपणाचे टाके भरलेले नसतील तर वॅक्स, क्रीम, वस्तरा काहीच नको.

अवांतर : ही अंडरवेअर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी प्यायचं कमी होतं. मग ओल वरच राहते आणि आपण केसांना शिव्या घालतो.

सातबारा

मला एक कळत नाही. निसर्गाने तिथे केस दिलेत ते काही उगाच नाही ना? घर्षण कमी व्हावं, घाम पसरून वाळावा म्हणून दिलेत. मी स्वतः दोन वर्षं पॅड लावतोय, एक केस कापलेला नाही. रोज धुतो, पुसतो, संपलं. हे ट्रिमर-बिमर सगळं कंपन्यांनी डोक्यात भरवलेलं आहे.

टिंबटिंब

सातबारा, तुमचे केस विरळ असतील हो. माझं जंगल आहे.

ओपीडीतून

त्वचारोगाची डॉक्टर आहे. सातबारांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्यामुळे ते झटकून टाकता येणार नाही. ज्यांना त्रास नाही त्यांनी काहीही कापायची गरज नाही. केस असणं म्हणजे अस्वच्छता नव्हे. डायपरखाली कातडी सोलवटते ती केसांमुळे नाही, ओल आणि घासण्यामुळे.

होतं असं की निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५ च्या आसपास. लघवीतल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात, त्याने पीएच वर चढतो. सोबत शौचही लागत असेल तर त्यातली प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं या चढलेल्या पीएचमध्ये जास्त जोमाने काम करतात आणि कातडीचा वरचा थर खातात. भिजून मऊ पडलेली ती कातडी आपण वर टॉवेलने खसाखसा पुसतो. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो, तो दर वेळी लावला तर आगीत तेल.

यात केसांचं काम एवढंच की पॅडमधली जेल लघवी स्वतःत अडकवून ठेवते, पण जी केसांना लागली ती केसांवरच राहते. केस दाट आणि लांब असतील तर ओल कातडीलगत जास्त वेळ टिकते. कापल्याने हा वेळ कमी होतो. पॅड वेळेवर बदलला नाही तर गुळगुळीत कातडीसुद्धा सोलवटणारच.

आता केस काढायच्या क्रीमबद्दल, कारण कोणीतरी विचारेलच. त्यात थायोग्लायकोलेट असतं, ते केसातलं केराटिन विरघळवतं. कातडीचा वरचा थरही केराटिनचाच असतो. आधीच लालसर, भिजलेल्या जागी ते लावलं तर रासायनिक भाजणं होतं. श्लेष्मल (आतल्या ओलसर, नाजूक) भागाजवळ, गुदद्वाराजवळ तर नाहीच नाही. मी ज्या भाजलेल्या जांघा पाहिल्यात त्यांतल्या बऱ्याच ‘पाच मिनिटं जास्त ठेवलं’ या वाक्याने सुरू होतात.

२०१७ मध्ये ‘जामा डर्मटॉलॉजी’त अमेरिकेतल्या लोकांची एक पाहणी आली होती. या जागचे केस काढणाऱ्या-कापणाऱ्यांपैकी साधारण चौघांतल्या एकाला कधी ना कधी इजा झालेली होती, आणि त्यात सर्वांत जास्त कापल्याच्या जखमा. हे सगळे धडधाकट लोक होते. डायपर लावणाऱ्याची कातडी त्याहून नाजूक.

गोधडी

सासूबाईंचं सगळं मी करते. त्यांना टेपवाला पूर्ण डायपर लागतो, शौचही त्यातच होते. त्यामुळे माझा अनुभव टिंबटिंब यांच्यापेक्षा वेगळा आहे.

लघवीचं एकवेळ निभतं. शौच केसांत अडकून वाळली की ती निघत नाही. मग घासावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदाइतकी पातळ, घासली की सालपट निघतं. त्यात झिंकचं पांढरं मलम केसांना चिकटून बसायचं. ते काढायला मी दर वेळी साबण लावून रगडायची. शेवटी ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी दाखवलं की कापसावर साधं बेबी ऑइल घ्यायचं, मलमावर नुसतं ठेवायचं, मिनिटभर थांबायचं आणि मग पुढून मागे हलकेच ओढून घ्यायचं. रगडायचं नाही. मलमाचा खालचा पातळ थर राहिला तर राहू द्यायचा.

केस कापायचं मनात आलं तेव्हा मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. सासूबाईंनी हात घट्ट धरला आणि मान फिरवली. त्या आता फार बोलत नाहीत, पण तो नकार स्पष्ट होता. त्या दिवशी केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना ट्रिमर हातात दिला, बंद असताना आणि मग चालू करून. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, मनगटावर लावून बघितला. मग मी सांगितलं, आई, ह्यांना बाहेर पाठवते, दार लावते, तुमच्या अंगावर चादर राहील, जेवढं लागेल तेवढंच उघडं करेन, थांब म्हणालात की थांबेन. त्यांनी चादरीचं टोक स्वतःच्या मुठीत धरून ठेवलं आणि करू दिलं. अजूनही दर वेळी असंच करतो आम्ही. पुढचा भाग फार नाही कापत, मागचा आणि दोन्ही बाजूंचाच. घाण तिथेच अडकते.

आळशी_मांजर

गोधडी, दंडवत घ्या.

सिस्टरबाई

गोधडी, असंच करायचं असतं. शिकलेली माणसंसुद्धा रुग्ण बोलत नाही म्हणून धरलं की कापलं असं करतात.

एक भर घालते. मागचा भाग कापताना त्यांना कुशीवर वळवा, वरचा गुडघा पोटाकडे घ्या आणि दोन्ही पायांत उशी द्या. वरचा नितंब तळहाताने उचलून धरलात की कातडी आपोआप ताणली जाते. खाली जुना डायपर पसरून ठेवा, केस त्यावर पडतील आणि तसाच गुंडाळून टाकता येईल.

आणि झिंकचं मलम लेपासारखं थापू नका. जाड मलम डायपरच्या वरच्या जाळीला लागतं, जाळी बुजते आणि लघवी आत शिरण्याऐवजी बाजूने पळते. पातळ थर पुरे. नुसती लघवीच असेल तर डायमेथिकोनवालं पारदर्शक क्रीम किंवा व्हॅसलीनचा अगदी पुसट हात चालतो. केसांना कमी चिकटतं.

चाकावरचा

मणक्याला इजा झाल्यापासून कमरेखाली संवेदना नाही. ज्यांना जाणवतं त्यांनी इथे चुरचुरतं, टोचतं वगैरे लिहिलंय, त्यांचा मला हेवा वाटतो. मला केसतोड झाला तरी कळत नाही, डाग दिसला की कळतं. त्यामुळे माझ्याकडे वस्तरा हा विषयच बाद आहे. सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याच्या आरशात जांघा आणि बसायची हाडं बघायची हा नेम.

ज्यांचा मणका छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखावलाय त्यांनी तर जास्तच सांभाळा. खालची न जाणवणारी बारीक जखमसुद्धा रक्तदाब एकदम चढवू शकते. डोकं ठणकतं, चेहऱ्याला घाम फुटतो आणि कारण सापडत नाही.

टिंबटिंब, तुम्हाला उद्या कोणी कंडोम कॅथेटर (लिंगावर कंडोमसारखी चढवायची, पिशवीला जोडलेली नळी) सुचवला तर केसांचं गणित वेगळं होतं. त्याला आतून चिकट असतं, मुळापाशी लांब केस असले की ते त्यात सापडतात आणि काढताना जीव जातो. (माझा नाही, पण लोकांचा.) तिथले केस ट्रिमरने बारीक करायचे. किंवा जाड पेपर नॅपकिनच्या मधोमध भोक पाडून तो आधी चढवायचा, सगळे केस त्याखाली दाबले जातात, कॅथेटर बसला की कागद फाडून काढून टाकायचा. फुकटचा उपाय आहे.

पाऊणशे

लेझर करून कायमचं का नाही टाकत काढून? एकदाच काय ते.

ओपीडीतून

करतात लोक. जपानमध्ये तर चाळिशी-पन्नाशीतले स्त्री-पुरुष, म्हातारपणी डायपर लागला तर करणाऱ्याला त्रास नको म्हणून, आधीच लेझर करून घेतात. त्याच्या तिथे जाहिराती असतात.

पण लेझर केसातल्या काळ्या रंगद्रव्याला धरून काम करतो. केस पांढरे झाले की त्याला पकडायला काही उरत नाही. म्हणजे ज्या वयात गरज असते त्या वयात बहुतेकांना उपयोग नाही. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित, तोही अनेक बैठका घेऊन, आणि तरी सगळे केस जातील असं नाही. तरुण वयात, काळे केस असताना, पुढची बरीच वर्षं पॅड लागणार हे माहीत असेल तर विचार करावा. टिंबटिंब यांच्यासारख्यांचं गळणं पुष्कळदा काही महिन्यांत आटोक्यात येतं. त्यांनी त्यासाठी लेझर करायचा म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवर.

पाऊणशे

आमच्याकडे बर्फ पडलाय, तेव्हा प्रश्न मिटला.

टिंबटिंब

सर्वांचे आभार. एवढं मोकळेपणाने बोलाल असं वाटलं नव्हतं. ६ मिलिमीटरने कापलं. ओढले जाणं बंद झालंय, वासही बराच कमी. जांघेतलं काचणं मात्र आहे तसंच आहे. तिथे दोन्ही बाजूंना लाल रेघ उठते. आणखी बारीक करू का? पावडर टाकू?

सिस्टरबाई

आणखी बारीक करू नका. रेघ म्हणजे इलॅस्टिकचा वळ, केसांचा त्यात दोष नाही. पुल-अपचा साइज पँटच्या मापावर घेतलात का? कंबर आणि नितंबांचा घेर दोन्ही टेपने मोजा, जो जास्त असेल तो पाकिटावरच्या तक्त्यात बघा. आणि घातल्यावर दोन्ही बाजूंनी बोट फिरवून आतल्या उभ्या झालरी बाहेरच्या दिशेने सरळ करा. त्या दुमडून जांघेच्या घडीत बसल्या की दोरी बांधल्यासारखा वळ उठतो आणि गळतंही तिथूनच. बहुतेक लोक ही झालर असते हेच विसरतात.

पावडर नको. ओल लागली की तिचे गोळे होतात, आणि ते घडीत बसून घासतात. टाल्कबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ असा शेरा मारलाय. धुतल्यावर मऊ कापडाने टिपून घ्या, पाच-दहा मिनिटं हवा लागू द्या, मग घाला.

ओपीडीतून

सिस्टरबाईंशी सहमत, पण रेघ आठवड्यात गेली नाही तर दाखवा. लाल चट्ट्याच्या कडेने सुटे सुटे लाल ठिपके किंवा पुळ्या दिसल्या तर ती बहुधा कॅन्डिडाची बुरशी असते. कड उचललेली, खवले असलेली, गोल पसरत जाणारी खाज असेल तर नायटा. दोन्हींना औषध वेगळं आणि सोपं आहे. घरात पडलेली तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब लावू नका, तिच्यात स्टेरॉइड असतं. डायपरखाली कातडी झाकलेली असल्याने ते एरवीपेक्षा जास्त शोषलं जातं. आधी बरं वाटतं, मग बुरशी फोफावते आणि जांघेत कायमचे पांढरट वण राहतात.

मधुमेह आहे का तुम्हाला? डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ‘ग्लिफ्लोझिन’वाली गोळी असेल तर लघवीतून साखर जाते आणि तिथे बुरशीचं फावतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गुप्तांग किंवा गुदद्वाराभोवती अचानक सूज, दिसतंय त्याच्या मानाने फार जास्त दुखणं आणि ताप असं झालं तर रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत जा. या गोळ्यांच्या बाबतीत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१८ मध्ये याच संसर्गाचा इशारा दिला होता. क्वचित होतं, पण झालं तर तासांवर येतं.

टिंबटिंब

मधुमेह नाही. साइजचं बरोबर निघालं, पँटच्या मापावरच घेत होतो. नितंबांचा घेर मोजला तर एक नंबर वरचा हवा. झालरींबद्दल पहिल्यांदाच कळलं.

सातबारा

मीही पाहिल्या आज झालरी. केस मात्र कापणार नाही.

रातराणी

😂 नका कापू. वाचनखूण साठवली आहे, आईला दाखवणार. एक विचारायचं राहिलं, घरात एकच ट्रिमर असेल तर डोकं बदलून चालेल का?

सिस्टरबाई

दाढीचा आणि हा वेगळाच ठेवा, दोघांनी मिळून एक तर नकोच. बारीकशा रक्ताच्या अंशातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो, चामखिळीसुद्धा पसरतात. वापरून झाल्यावर डोकं काढून ब्रशने झटका, धुता येण्यासारखं असेल तर धुवा, पूर्ण वाळवा, स्पिरिटचा बोळा फिरवा आणि पात्याला तेलाचा एक थेंब द्या. बोथट पातं केस कापत नाही, उपटतं. वर चिकटपट्टी लावून नाव लिहून ठेवा, नाहीतर घाईच्या सकाळी घरातलं कोणीतरी मिशी कोरायला घेतं.

आळशी_मांजर

नाव काय लिहायचं पण?

चाकावरचा

‘टिंबटिंब’.